टोपलीतला मुडा

आढ्याखालचा आकडा रिकामा आहे हे पहिल्यांदा सरस्वतीबाईंच्या लक्षात आलं.

त्या ओसरीवर लाकडं न्यायला आल्या होत्या. सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड अजून सरला नव्हता. दिवसभर खळ्यावर झोडणी चालली होती, तिचा बारीक भुसा हवेत तसाच तरंगत होता, आणि समोरचा आंबा, गोठा, पेंढ्याचं उडवं, सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. आंब्याच्या फांदीला फिलोमिनाचा नाताळचा तारा टांगलेला होता. बांबूच्या काड्या, वर पतंगाचा लाल कागद, आत बल्ब. दर डिसेंबरात तो तिथे लागे, आणि दर डिसेंबरात सरस्वतीबाई त्याच्याकडे न पाहता त्याच्या उजेडात कामं करत. थोरल्या मुलाच्या, शेखरच्या लग्नाच्या वेळी त्या तीन दिवस जेवल्या नव्हत्या, तो विषय आता घरात कोणी काढत नसे. नऊ वर्षं झाली होती. वसईच्या या ख्रिस्ती सुनेच्या हातची भाकरी आता त्यांना स्वतःच्या भाकरीपेक्षा बरी वाटे. तसं त्या बोलत नसत.

लाकडं उचलताना त्यांनी सवयीनं वर पाहिलं. देवाकडे पाहावं तसं त्या एरवी येता-जाता तिकडे पाहत; गेले दोन दिवस झोडणीच्या घाईत मान वर झाली नव्हती. आढ्याखालच्या आकड्याला मुडा नव्हता.

"अवो," त्यांनी अंगणात हाक मारली. "मुडा कुठं ठेवलात?"

जयराम खळ्याच्या कडेला बसून सूप झटकत होते. "कोपऱ्यात हाय. दोरी कुजली होती, नवी वळायला काढला परवा."

"कोपऱ्यात नाय."

"मग बघ आत."

आतही नव्हता. माळ्यावर नव्हता, कणगीमागे नव्हता. मुडा म्हणजे काही सुई नव्हे. पेंढ्यात भात भरून, पेंढ्याच्याच दोरीनं आवळून केलेला कलिंगडाएवढा गोळा. आत झिनी या जुन्या भाताचं बी. बाकीच्या खाचरांत आता धाकटा मुलगा प्रणित मुरबाडहून आणलेलं पिशवीतलं बियाणं पेरत असे, ते उताराही जास्त देई. पण विहिरीजवळचं एक खाचर जयरामांनी झिनीसाठी राखलं होतं. त्यांची आई तानसाकडच्या माहेराहून लग्नात ते बी घेऊन आली होती. डोईवर मुडा, काखेत वळकटी. तेव्हापासून दर वर्षी पेरायचं आणि त्यातूनच पुढच्या वर्षीचं बांधायचं. पंचक्रोशीत ते आता दुसऱ्या कोणाकडे उरलं नव्हतं. निदान जयराम तसं म्हणत.

स्वयंपाकघरात फिलोमिना फुगे, नाताळचे मैद्याचे गोळे, तळत होती. सासूची शोधाशोध तिच्या कानावर येत होती, आणि तिचा झारा हळूहळू थांबत गेला.

तिला दुपार आठवली.

दुपारी ओढ्यापलीकडच्या पाड्यावरची, त्यांच्या खळ्यावर कामाला येणारी सावळी टोपली न्यायला आली होती. ही टोपली फिलोमिनाच्या माहेरची रीत. नाताळच्या आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं आपल्या आवडीची एक वस्तू टोपलीत ठेवायची. जुनी नाही, उरलेली नाही, आवडीची. ठेवली की वर पळसाचं पान घालायचं, म्हणजे दुसऱ्यानं काय ठेवलं ते दिसत नाही. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. आणि टोपली दाराबाहेर गेली की तिची आठवण काढायची नाही. मुलगी मनस्वी दोन वर्षांची झाली तेव्हा फिलोमिनानं ही रीत या घरात आणली. मुलाला द्यायला शिकवायचं तर हात लहान असतानाच शिकवावं, असं तिचे वडील म्हणत. सरस्वतीबाईंनी पहिल्या वर्षी काहीच ठेवलं नाही, दुसऱ्या वर्षी लाजत मूठभर शेंगा ठेवल्या, आणि गेल्या वर्षी काय ठेवलं कोण जाणे, पान मात्र चांगलं मोठं निवडलं होतं.

आज मनस्वी सकाळपासून टोपलीजवळून हलली नव्हती. पानांवर पानं रचत होती. सावळीनं टोपली उचलली आणि म्हणाली, "वैनी, यंदा जड हाय गो."

"मनूनं खालती काहीतरी लपवलंय. घरी जाऊन बघ," असं म्हणून आपण हसलो होतो, हेही फिलोमिनाला आठवलं. तिनं कढई उतरवून ठेवली.

सहा वर्षांची मनस्वी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बाळ येशूच्या गव्हाणीजवळ ठेवायच्या नाचणीच्या ताटलीवरून तिचं बोट फिरत होतं. पंधरा दिवसांपूर्वी पेरलेली नाचणी बोटभर वाढली होती, हिरवीगार, कुरणासारखी. मुलीनं आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते फिलोमिनाला लगेच कळलं. खरं तर अपराध त्यात नव्हता. होतं ते वाट पाहणं. आता सगळ्यांना कळेल आणि सगळे म्हणतील, वा.

"मनू," ती खाली बसून हळूच म्हणाली, "तू ठेवलास?"

मुलीनं मान हलवली. "पण सांगायचं नसतं ना?"

तेवढ्यात सरस्वतीबाई दारात आल्या. त्यांच्या मागे प्रणित, त्याच्या मागे त्याची बायको प्रियांका. तिच्या हातात पिठाची परात तशीच होती.

"फिलू, मुडा पाहिलास?"

पुढचं तिनं ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. मुलीच्या खांद्यावर तिचा हात होता, आणि त्या हाताखाली ते खांदे एवढेसे होते.

"मी दिला," ती म्हणाली. "टोपलीत."

बाहेर गोठ्यात बैलानं घंटा हलवली.

"बी?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "बी दिलास? सावळीला?"

"मला वाटलं, खायचा भात हाय."

"मुड्यात कोणी खायचा भात बांधतो काय गो? नऊ वर्षं हायस या घरात."

"वैनी, कमाल हाय," प्रणित म्हणाला. त्याचा आवाज चढत नसे, तो कोरडा होत जाई. "आपला द्यायचा तर तुझी साडी दे, पातळ दे. सासऱ्याचा बी देऊन कसला पुण्य?"

"उद्या सकाळी मी मागून आणते."

"उद्यापर्यंत शिजला त्यांच्या चुलीवर. थांब, मी आताच गाडी काढतो."

"कुठं काढतोस? ओढा ओलांडायचा हाय, गाडी काय पोहणार?" हे जयराम बोलले. ते केव्हा ओसरीवर येऊन उभे राहिले होते कोणाला कळलं नव्हतं. सूप अजून त्यांच्या हातातच होतं. "सकाळी बघू."

मनस्वीनं आजोबांकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग मिटलं.

जयरामांनी नजर सुपाकडे नेली.

शेखर कंडक्टरची ड्यूटी संपवून मुरबाडहून आला तेव्हा घरात जेवणं चालली होती आणि ताटांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. त्याला अंगणातच प्रणितनं सगळं सांगितलं. शेखर आत आला, टोपी खुंटीला लावली, बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहिल्यासारखा तो उभा होता.

"जाऊ दे आई. सणाचा दिवस हाय तिचा."

"तेच म्हणते मी. सण तिचा, बी आमचा," सरस्वतीबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला, आणि तो खाली आल्यावर जास्त लागला. "मी कवा काय बोलली का? तारा लावलास, लाव म्हटलं. गोठा केलास, बाळ ठेवलंस, मी स्वतः पेंढा दिला त्याला. पण घरातला एक एक बाहेर जाणार असेल तर पुरे झाला. पुढल्या वर्षापासून हे नको. पोरगीला पण कळू दे, घर काय असतं ते."

शेखर पाटावर बसला आणि त्यानं ताट पुढे ओढलं. फिलोमिना नवऱ्याकडे पाहत राहिली. मग उठली, पदरानं हात पुसले, अंगणात गेली. बल्बची वायर काढली. तारा उतरवला आणि दाराच्या मागे, केरसुणीशेजारी उभा केला. अंगणातला लाल उजेड गेला तसं धुकं एकदम ओसरीपर्यंत आलं.

प्रियांका तिच्या मागोमाग बाहेर आली होती. ती एका वर्षापूर्वी शहापूरहून या घरात आली होती आणि अजून कोणत्या बाजूला बसावं हे तिचं ठरत नव्हतं.

"ताई, तुमी नाय दिला," ती हळूच म्हणाली. "मी बघितली मनूला दुपारी. मुडा ओढत होती. मला वाटला, खेळते."

"मग गप बस."

"गप बसते. पण तुमच्या अंगावर कशाला घेता?"

"तिला वाटतंय तिनं चांगलं केलं," फिलोमिना म्हणाली. "आज रात्रभर तरी वाटू दे."

ओसरीवर घोंगडी पांघरून जयराम पडले होते. त्यांना हे सगळं ऐकू येत होतं.

त्यांना परवाची संध्याकाळ आठवत होती. याच ओसरीवर ते जुनी दोरी सोडत बसले होते, आणि मनस्वी त्यांच्या गुडघ्याला टेकून विचारत होती, "आजोबा, तुमी टोपलीत कधीच काय नाय ठेवत."

"माझ्याकडं काय हाय गो?"

"आवडीचं ठेवायचं."

"माझा तूच ठेव. तुला ठाव हाय ना, मला सगळ्यात आवडीचा काय ते?"

मुलीनं त्यांच्या हातातल्या मुड्याकडे पाहिलं होतं, मग आजोबांकडे, आणि गंभीरपणे मान हलवली होती. त्यांना वाटलं होतं, ती आपली तंबाखूची चंची देईल. देऊ दे, म्हटलं, तंबाखू सुटेल. ते हसलेही होते. हसताना हात मुड्यावरून फिरत होता, जसा बैलाच्या पाठीवरून फिरतो. लहान मुलांना ऐकू येतं त्यापेक्षा दिसतं जास्त, हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळत होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. मी सांगला होता. चार जणांसमोर, जेवणाच्या पानावर. पण जन्मभर या घरात त्यांचा शब्द म्हणजे खांब होता, आणि आपल्याच शब्दानं बी गेलं असं म्हणणं म्हणजे खांबानं स्वतः वाकून दाखवणं. सून खोटं बोलली. नात खरं गिळून बसली. दोघी त्यांच्यासाठी नव्हे, एकमेकींसाठी. पण झाकले गेले ते. ते कुशीवर वळले. आकडा रिकामा दिसत होता. काळोखात तो दिसणं शक्य नव्हतं, तरी दिसत होता.

सकाळी धुकं इतकं होतं की ओढ्याचा आवाज येई आणि ओढा दिसत नसे. जयरामांनी मनस्वीला उठवलं, तिच्या डोक्याला लोकरीचं फडकं बांधलं आणि तिचं बोट धरून निघाले. प्रणित दात घासत अंगणात उभा होता. तो म्हणाला, "मी जातो ना." ते म्हणाले, "माझा हाय. मी जातो."

वाटेत दोघांची पावलं दवात भिजत होती. कुठूनतरी एक रानकोंबडा ओरडला, आणि पुन्हा सगळं मऊ झालं.

"आजोबा, आपण परत आणायला चाललो?"

"हो."

"पण दिलेलं परत मागत नाय. आई म्हणते."

"आई बरोबर म्हणते."

"मग?"

ओढ्यातल्या दगडांवरून त्यांनी तिला उचलून नेलं. ती जड झाली होती, किंवा ते हलके झाले होते.

सावळीचं झोपडं पाड्याच्या टोकाला. दारात सारवण ओलं होतं. सावळी कारवीच्या कुडाला टेकून शेकत बसली होती. तिची चार वर्षांची बाईजा फिलोमिनाच्या टोपलीतली करंजी दोन्ही हातांत धरून खात होती. गळ्यात मनस्वीची निळी रिबीन होती. म्हणजे मनूनं स्वतःच्या आवडीचंही दिलं होतं. ते कोणाला कळलंच नव्हतं.

"दादा?" सावळी उठली. "तुमी आलात?"

जयरामांनी आत पाहिलं. झोपडीच्या मेढीला, सगळ्यात उंच जागी, नव्या दोरीनं मुडा बांधला होता. खाली राख पसरली होती, उंदीर येऊ नये म्हणून.

"खाल्ला नायस?" त्यांच्या तोंडून निघालं.

"बी कोण खाल, दादा?" सावळी हसली. "टोपली सोडली, पानं काढली, खाली मुडा. मी तर बघतच राहिली. आमच्या यांनी ओढ्याकाठी खाचर बांधलाय यंदा, तुमाला ठावच हाय. दगड काढून काढून हात फुटले. मी म्हटला, दादांच्या मनात होता, पण तोंडानं बोलले नाय. टोपलीत घातला. हे वीटभट्टीवर गेलेत. निरोप धाडलाय, म्हटला, बी मिळाला. झिनी मिळाली. दादांनी दिली."

जयराम दाराबाहेरच्या दगडावर बसले. खाचराचं त्यांना ठाऊकच नव्हतं. सावळी महिनाभर त्यांच्या खळ्यावर भात झोडत होती, शेजारी बसून भाकर खात होती, आणि तिच्या घरी काय चाललंय हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता वीटभट्टीपर्यंत त्यांचं नाव जाऊन पोचलं होतं, न केलेल्या कामासाठी.

"काय काम होता, दादा?"

मनस्वी त्यांच्याकडे पाहत होती. काल संध्याकाळी पाहत होती तशीच.

"सावळे," ते म्हणाले, आणि थांबले. "ते बी आमच्याकडं दुसरा नाय. होता तो सगळा हाच."

सावळीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ती वळली आणि मेढीकडे हात केला, दोरी सोडायला.

"सोडू नको," जयराम घाईनं म्हणाले. "तो तुझा हाय. दिलेला तुझा. माझ्या नातीनं दिला, मी सांगला म्हणून दिला. तुझ्या खाचरात पेर. मी फक्त," इथे त्यांना पुन्हा थांबावं लागलं, "मी फक्त मागायला आलोय. तुझ्यातला थोडा दे मला."

"थोडा कशाला, दादा? सगळा न्या."

"नाय. थोडा. देशील तेवढा."

आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हे हात खळ्यावर दर वर्षी सगळ्यांना वाढत आले होते, न्हाव्याला, सुताराला, दारावर येईल त्याला. या बाजूनं ते कधी उघडले नव्हते. ओंजळ कशी धरायची हे क्षणभर त्यांना सुचेना. बोटांच्या फटी मिटेनात. मनस्वीनं वाकून त्यांच्या करंगळ्या जुळवून दिल्या.

सावळीनं मुडा खाली घेतला, दोरी सैल केली. मग काय वाटलं तिला, मुलीला म्हणाली, "बाईजा, तू दे. आजोबांना दे."

बाईजानं करंजी दातांत धरली. आत हात घातला. तिच्या चिमुकल्या ओंजळीतून दाणे सांडत सांडत त्यांच्या तळव्यात आले. सोनेरी, बारीक, टोकाशी किंचित काळे. एकदा दिलं. दुसऱ्यांदा दिलं. तिसऱ्यांदा हात आत गेला, थोडा वेळ आतच राहिला, आणि रिकामा बाहेर आला. तिनं मुड्याचं तोंड दोन्ही हातांनी मिटलं.

"बास," करंजी काढून ती म्हणाली. "बाकीचा आमचा."

"बाईजा," सावळी लाजून ओरडली.

"बरोबर हाय तिचं," जयराम म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी उलटी केली आणि दाणे तिच्यात ओतले. जमिनीवर सांडलेले दाणे मनस्वी आणि बाईजा दोघी मिळून वेचत बसल्या, आणि अर्धे इकडे अर्धे तिकडे, असं काहीतरी त्यांनी त्यांच्यात ठरवलं.

परत आले तेव्हा ऊन पडलं होतं, धुक्यातून गाळून आल्यासारखं. अंगणात सगळे होते. शेखर खाटेवर, प्रणित दाराशी, प्रियांका केर काढत. फिलोमिना गव्हाणीपुढे मेणबत्ती लावून तिच्या पुस्तकातली प्रार्थना वाचत होती, ओठ हलत होते पण आवाज नव्हता. सरस्वतीबाई पुढे आल्या आणि टोपीत पाहिलं.

"एवढाच?"

"एवढाच दिला."

"दिला म्हणजे? तुमी मागलात?"

"मागला. हात पसरून मागला." त्यांनी टोपी बायकोच्या हातात दिली. मग, पुन्हा बसायला मन होईल म्हणून, उभ्यानंच बोलले. "आणि ऐका. फिलूनं मुडा दिला नाय. ती खोटा बोलली, पोरीसाठी. पोरीनं पण आपल्या मनानं नाय दिला. तिनं विचारला होता, आजोबा, तुमी टोपलीत काय का नाय ठेवत. मी म्हटला, माझ्या आवडीचा तुला ठाव हाय, तूच दे माझ्या वतीनं. तिला ठाव होता. काल रात्री मला सगळा कळत होता, आणि मी घोंगडीत तोंड घालून पडलो."

शेखर खाटेवरून उठला. प्रणितनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. प्रियांका केरसुणी थांबवून पटकन म्हणाली, "मी पण बघितली होती. मी पण नाय बोलली." आणि लाल झाली.

फिलोमिनानं पुस्तक मिटलं नव्हतं. तिचं बोट एका ओळीवर होतं, तिथेच राहिलं.

सरस्वतीबाई टोपीतले दाणे बोटानं हलवत होत्या. मूठभराचा छोटा मुडा होईल, पेरूएवढा. मोठ्या आकड्याला तो दिसणारही नाही.

"खाचरभर व्हायला किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"चार. निदान."

"मग थांबा चार वर्षं. कुठं जायची घाई हाय तुमाला?"

त्या आत गेल्या. कोणाला वाटलं, बी ठेवायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात तारा होता. केरसुणीजवळ राहून त्याच्या एका टोकाला धूळ लागली होती, ती त्यांनी पदरानं झटकली. सुनेकडे न पाहता त्यांनी तो प्रणितपुढे धरला.

"वरच्या फांदीला बांध. कालच्या नको, वरच्या. संध्याकाळी ओढ्यापलीकडून दिसला पायजे."

प्रणित आंब्यावर चढला. फिलोमिना उठून आली आणि खालून वायर वर देऊ लागली. सासूचा आणि तिचा हात वायरीवर एकमेकाला लागला, आणि दोघींनीही तो लगेच काढला नाही.

मनस्वी आजीच्या पदराला धरून उभी होती. तारा वर गेला तसं तिचं लक्ष वर गेलं, मग आजीकडे आलं. बराच वेळ ती विचार करत होती.

"आजी," ती म्हणाली, "तुला सगळ्यात आवडीचं काय?"

सरस्वतीबाईंनी तिला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावरचं फडकं नीट केलं.

"ते मी तुला नाय सांगणार गो," त्या म्हणाल्या.